माजी आमदाराची कारकीर्द लिहायची, तर कागद कुठले धरायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचे माध्यमिक शिक्षक विचारतात: 'आमच्या भागाच्या एका दिवंगत माजी आमदारांची जन्मशताब्दी जवळ आलीय. वाचनालयातर्फे त्यांच्या कारकिर्दीवर पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. घरच्यांनी हार-तुऱ्यांचे फोटो आणि एक जुना गौरव अंक दिला. गावात कुणालाही विचारलं तर "साहेबांनी धरण आणलं, रस्ते केले, पोरं नोकरीला लावली" यापलीकडं काही मिळत नाही. विरोधी गटाची माणसं म्हणतात, काहीच केलं नाही. त्यांचा मतदारसंघही आता नकाशावर नाही. खरी कारकीर्द काढायची कशी?'

सर, जिल्ह्याचं राजकारण आणि मुंबई-नागपूरची अधिवेशनं यांच्या बातम्या करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर काही माजी लोकप्रतिनिधींच्या चरित्रांचं संपादन केलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. कोल्हापुरात आमदारकीची वर्षं हा कारकिर्दीचा मधला तुकडा असतो. माणूस त्याआधी कुठं होता आणि विशेषतः पडल्यानंतर काय करत होता, हे लिहिल्याशिवाय कारकीर्द लिहिली असं म्हणता येत नाही. आणि हे सगळं त्या त्या दिवशी तयार झालेल्या कागदावरून लिहायचं. गौरव अंक नंतरचा असतो, त्यामुळे तो शेवटी उघडा.

सुरुवात निवडणुकीच्या निकालांपासून करा. भारत निवडणूक आयोगाने 1951-52 पासूनच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल संकेतस्थळावर ठेवले आहेत. मतदारसंघनिहाय प्रत्येक उमेदवाराचं नाव, पक्ष आणि मतं त्यात मिळतात. साहेब जिंकले त्या निवडणुकांइतक्याच बारकाईने ते हरले त्या निवडणुका उतरवा. रिंगणात किती जण होते, तिसऱ्याने किती मतं खाल्ली, कुणाची अनामत गेली, हे पाहिलं की 'प्रचंड बहुमताने' हा गौरव अंकातला लाडका शब्द बऱ्याचदा जागच्या जागी गळून पडतो. उलटंही होतं. ज्याला गाव 'पडीक' म्हणत होतं तो मोजक्या मतांनी हरलेला निघतो.

नकाशावर नसलेल्या मतदारसंघाचं आधी मिटवून टाकू. जिल्ह्यात पूर्वी बारा मतदारसंघ होते. पुनर्रचनेनंतर 2009 च्या निवडणुकीपासून ते दहा झाले. पन्हाळा, सांगरुळ, गडहिंग्लज आणि वडगाव ही नावं गेली. हातकणंगले आलं आणि शहराचे उत्तर-दक्षिण असे भाग पडले. नाव तेच राहिलं म्हणून मुलूख तोच राहिला असं मात्र समजू नका. आजच्या करवीरमध्ये गगनबावडा आणि पन्हाळ्याचा काही भाग आहे, सांगरुळचाही बराच भाग तिकडेच गेला. त्यामुळे 'आजच्या मतदारसंघातली कामं' अशी यादी करून ती साहेबांच्या नावावर लावली, तर त्यातली निम्मी दुसऱ्याच आमदाराच्या हद्दीतली निघतील. त्या काळातली गावांची यादी मिळवा आणि पुस्तिकेत एक साधा नकाशा द्या. तरुण वाचकाला त्याशिवाय काही उमगणार नाही.

मुदतींकडेही नीट बघा. सगळे आमदार पाच वर्षांचे नसतात. 1972 ला निवडून आलेल्यांना आणीबाणीमुळे जवळजवळ सहा वर्षं मिळाली. 1978 च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्यांना दोनच, कारण फेब्रुवारी 1980 मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली आणि विधानसभाच बरखास्त झाली. त्या दोन वर्षांतही जुलै 1978 मध्ये सरकार बदललं होतं. अशा आमदाराने 'काही केलं नाही' असं म्हणणाऱ्याला विचारावं, की करायला वेळ कुठे होता? 1995 च्या विधानसभेचीही मुदत पुरी झाली नाही. 1999 ला लोकसभेबरोबरच निवडणूक लागली.

पक्षाच्या रकान्यात नवखे लेखक हमखास फसतात. समजा एका माणसाच्या नावापुढे 1978 ला एक काँग्रेस, 1980 ला दुसरी, 1985 ला समाजवादी काँग्रेस, 1990 ला इंदिरा काँग्रेस आणि 1999 ला राष्ट्रवादी असं दिसलं. वाचणारा म्हणेल, काय हा दलबदलू! पण शरद पवार 1978 ला बाहेर पडले, 1986 च्या अखेरीस परत काँग्रेसमध्ये गेले आणि 1999 च्या जूनमध्ये त्यांनी राष्ट्रवादी काढली. त्यांच्यामागून चालणाऱ्याने खरं तर एकदाही नेता बदलला नाही. याउलट आयुष्यभर एकाच पक्षाच्या चिन्हावर लढलेला माणूस दर निवडणुकीला जिल्ह्यातला गट बदलत आलेला असतो. 'अपक्ष' हा शब्द तर सगळ्यांत फसवा. 1995 ला राज्यात 45 अपक्ष निवडून आले. त्यांतले बहुतेक तिकीट न मिळालेले काँग्रेसवाले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचं सरकार चाललं. म्हणून पक्षाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना करा: गट कुणाचा. आपल्याकडे लोक मत पक्षाला देतात की गटाला, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आता सभागृह. आमदाराचं घटनेने नेमून दिलेलं काम तिथलं, आणि चरित्रांमध्ये सगळ्यांत कमी पानं त्यालाच मिळतात. विधानमंडळाची कार्यवाही छापली जाते. मुंबईत विधानभवनाच्या ग्रंथालयात तिचे खंड आहेत आणि पुष्कळ कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही आली आहे. खंडाच्या सूचीत सदस्याचं नाव शोधायचं. पण आधी ध्यानात घ्या, की प्रश्नांची संख्या मोजून काहीही सिद्ध होत नाही. तारांकित प्रश्नावर (म्हणजे तोंडी उत्तर मागितलेल्या प्रश्नावर) बऱ्याचदा आठ-दहा सदस्यांची नावं एकत्र असतात. मूळ प्रश्न कुणी आणला आणि सही कुणी ठोकली, हे यादीवरून कळत नाही. प्रश्नोत्तराच्या तासात पहिले काही प्रश्नच तोंडी उत्तराला येतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात. म्हणून तोंडी उत्तराला आलेले प्रश्न काढा आणि त्यावरचे पूरक प्रश्न कुणी विचारले ते पाहा. पूरक प्रश्न लिहून दिलेला चालत नाही, मंत्र्याच्या उत्तरावर जागच्या जागी उठावं लागतं. विषयाचा अभ्यास असलेला आमदार तिथे ओळखू येतो.

दुसरं असं, की सत्ताधारी बाजूचा आमदार सभागृहात कमी बोलतो. त्याची कामं पत्रावर आणि मंत्र्याच्या दालनात होतात. मंत्री झाला की तो प्रश्न विचारूच शकत नाही, तो उत्तरं देतो. त्यामुळे 'अमुक वर्षी एकही प्रश्न नाही' असं दिसलं, तर आधी तो तेव्हा कुठल्या बाकावर होता ते तपासा. विरोधी बाकावरचा माणूस लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा अशी हाताला येईल ती आयुधं वापरतो. कपात सूचना हे तर खेड्यातल्या आमदाराचं आवडतं हत्यार. खात्याच्या मागणीतून नाममात्र रक्कम कापायची सूचना द्यायची आणि त्या निमित्ताने आपल्या नदीवरचा बंधारा कसा रखडलाय ते बोलून घ्यायचं. जुन्या कार्यवाहीत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरची, ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवरची, धरणग्रस्तांच्या पर्यायी जमिनींवरची अशी भाषणं भरपूर सापडतील. साहेबांचा खरा आवाज तिथे ऐकू येतो. गौरव अंकातलं त्यांचं भाषण बहुधा दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असतं.

मंत्र्याने सभागृहात 'तपासून कार्यवाही करू' असं म्हटलं, की ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. मी कुठल्याही आमदाराचं वजन त्याच्या भाषणावरून ठरवत नाही. त्याला मिळालेल्या उत्तराचं पुढे काय झालं, यावरून ठरवतो. एका अधिवेशनात प्रश्न, पुढच्याला त्याच विषयावर लक्षवेधी, त्यानंतरच्या अर्थसंकल्पात तरतूद अशी साखळी सापडली, तर ते काम त्याचंच म्हणायला हरकत नाही. एकदा विषय काढला आणि पुढे चार वर्षं गप्प, तर ती बातमीपुरती हालचाल होती.

समित्या विसरू नका. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, रोजगार हमी. यांच्या कामाला कॅमेरा नसतो, म्हणून पुस्तिकेतही जागा नसते. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत कशी धावपळ उडते, हे तुमच्यापैकी जे गुरुजी झेडपीच्या शाळेत होते त्यांना विचारा. साहेब कुठल्या समितीवर किती वर्षं होते, एवढं तरी द्याच.

विधानमंडळ सचिवालय प्रत्येक निवडणुकीनंतर सदस्यांच्या परिचयाची पुस्तिका काढतं. जन्मतारीख, शिक्षण, आधी भूषवलेली पदं यांसाठी ती उपयोगी आहे. मात्र ती माहिती सदस्याने स्वतःच भरून दिलेली असते, हे विसरू नका. दोन वेगवेगळ्या विधानसभांच्या पुस्तिका शेजारी ठेवल्या तर कधी कधी गंमत दिसते: पहिल्या वेळचा 'शेती' हा व्यवसाय दुसऱ्या वेळी 'शेती व समाजकार्य' झालेला असतो. माजी सदस्याचं निधन झाल्यावर सभागृहात शोकप्रस्ताव येतो, तोही काढा. अधिकृत जीवनपट एका पानात मिळतो. शिवाय त्यावर कोण कोण बोललं, यावरून साहेबांचे संबंध कुणाशी होते ते कळतं. गेलेल्या माणसाबद्दल सभागृहात कुणी वाकडं बोलत नाही, तेव्हा त्यातली विशेषणं गाळून वाचा.

घरच्यांकडचे फोटो वापरताना तारखा ठरवायला एक साधी खूण सांगतो. नरिमन पॉइंटचं सध्याचं विधानभवन 1981 चं. त्याआधी अधिवेशनं भरायची ती रीगलजवळच्या जुन्या इमारतीत, जिथे आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. 'पहिल्या अधिवेशनाला जाताना साहेब, 1972' अशी ओळ असलेल्या फोटोत मागे नवं विधानभवन दिसलं, तर ओळ चुकीची आहे.

आता तुमच्या गावाच्या तीन वाक्यांकडे येतो.

'धरण आणलं.' आपल्या जिल्ह्यात कुठलंही मोठं धरण एका आमदाराच्या मुदतीत बसत नाही. राधानगरीचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि ते पुरं व्हायला देश स्वतंत्र व्हावा लागला. काळम्मावाडीच्या दूधगंगा प्रकल्पात महाराष्ट्राबरोबर कर्नाटकचा वाटा आहे, म्हणजे दोन राज्यांचे करार, दोन राज्यांचे पैसे. अशा प्रकल्पाला प्रशासकीय मान्यता एका सरकारची, सुधारित मान्यता दुसऱ्याची, घळभरणी (नदीपात्रातली भिंत बांधून पाणी अडवणं) तिसऱ्याच्या काळात आणि कालव्यात पाणी चौथ्याच्या. मग श्रेय कुणाचं? माझी पद्धत अशी: श्रेय वाटत बसायचं नाही, प्रकल्पाच्या तारखा एका बाजूला आणि साहेबांच्या सभागृहातल्या हालचाली दुसऱ्या बाजूला मांडायच्या. जुळलं तिथे जुळलं. आणि धरणाबरोबर धरणग्रस्तांबद्दल ते काय बोलले हे न चुकता पाहा. पुनर्वसनाचा पहिला कायदा राज्यात 1976 चा. त्यापूर्वी उठलेल्या गावांसाठी ज्या आमदाराने तोंड उघडलं, त्याने मतांचा हिशेब बाजूला ठेवून उघडलं असण्याची शक्यता जास्त. कारण उठलेली गावं बऱ्याचदा दुसऱ्या मतदारसंघात जाऊन वसलेली असतात.

'रस्ते केले.' रस्ता कुणाचा, हे आधी ठरवा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. जिल्हा परिषदा 1962 ला आल्या आणि पुढची कित्येक वर्षं गावातल्या माणसाच्या दृष्टीने झेडपीचा सदस्यच मोठा होता. त्याने केलेले रस्ते नंतर आमदारांच्या नावावर चढले. सत्तरीच्या दशकातली पुष्कळ कामं रोजगार हमीतून झाली. ती योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि कायदा नंतर झाला. आमदार निधीची कामं जिल्हा नियोजन कार्यालयाच्या नोंदींत असतात. आज तो निधी वर्षाला 5 कोटी आहे, पण जुन्या काळी रक्कम एवढी तुटपुंजी असायची की त्यातून एखादं समाजमंदिर किंवा शाळेच्या खोल्या झाल्या तरी पुष्कळ. आजच्या फूटपट्टीने तेव्हाच्या आमदाराला मोजणं अन्यायाचं आहे. कोनशिला जरूर वाचा, पण भूमिपूजनाची आणि उद्घाटनाची वेगळी. एकाच रस्त्याला दोन निवडणुकांआधी दोनदा नारळ फुटलेला मी स्वतः पाहिलाय, आणि दोन्ही वेळा पेढेही खाल्लेत.

'पोरं नोकरीला लावली.' यावर चरित्रकार एकतर गदगदून लिहितात किंवा लाजून गप्प बसतात. दोन्ही नको. आमदाराला नोकरी द्यायचा अधिकार नसतो. नोकऱ्या लागल्या त्या साहेब ज्या संस्थांवर होते तिथे: कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था. म्हणजे हे वाक्य खरं तर त्यांच्या संस्थात्मक ताकदीचं आहे, आणि कारकिर्दीचा सगळ्यांत भरीव भाग तिथेच आहे.

कोल्हापूरचं राजकारण समजून घ्यायचं तर विधानसभेच्या निकालांइतकंच गोकुळ (जिल्हा दूध संघ), जिल्हा बँक, बाजार समिती आणि साखर कारखाने यांच्या निवडणुकांकडे बघावं लागतं. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, की दूध संघाच्या संचालकपदासाठी आमदार-खासदार एवढा जीव का टाकतात. गोकुळची स्थापना 1963 ची. तिथे मतदार असतो तो गावच्या दूध संस्थेचा ठरावधारक, म्हणजे संस्थेने ठराव करून मत द्यायला नेमलेला माणूस. म्हणजे गावात एका ठरावावरून जी इर्षा पेटते, तिच्यात पुढच्या विधानसभेच्या जोडण्या आधीच लागलेल्या असतात. साहेबांच्या गटाकडे त्या काळात किती गावांचे ठराव होते, हे जुन्या दूध संस्थेच्या सचिवाला विचारा. तो आठवून सांगेल, कारण त्या रात्री ठरावधारकाला कुठे ठेवलं होतं हेही त्याला माहीत असतं.

कारखान्याचे वार्षिक अहवाल मिळवा. कुंभी-कासारी, भोगावती, बिद्री, वारणा, पंचगंगा, दत्त, राजाराम, जो लागू असेल तो. वार्षिक सभेसाठी दरवर्षी अहवाल छापून सभासदांना वाटतात, त्यामुळे गावात कुणा ना कुणाच्या ट्रंकेत गठ्ठा सापडतोच. त्यात गाळप, साखर उतारा, उसाला दिलेला दर, कर्ज, संचालकांची नावं हे सगळं वर्षवार असतं. साहेब अध्यक्ष असलेली वर्षं आणि नसलेली वर्षं शेजारी लावा. हे आकडे त्यांच्याबद्दल जे सांगतात ते कुठलंही भाषण सांगत नाही.

आणि इथेच एक अवघड प्रश्न येतो, तो टाळू नका. आपल्याकडे उसाच्या दराचं आंदोलन पेटतं ते हंगामाच्या तोंडाला, आणि नागपूरचं अधिवेशनही साधारण त्याच सुमाराला. कारखान्याचा अध्यक्ष असलेला आमदार तेव्हा दोन्हीकडचा असतो: दर मागणाऱ्या शेतकऱ्याचा प्रतिनिधीही तोच आणि दर देणारा मालकही तोच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा पेच चव्हाट्यावर आणला आणि पुढे राजू शेट्टींनी 2004 ला शिरोळमधून विधानसभा जिंकून तो थेट सभागृहात नेला. 2009 पर्यंत केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराला एसएमपी म्हणायचे, मग एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आली. दोन्ही काळांत साहेबांनी सभागृहात ऊसदरावर काय भूमिका घेतली, की त्या दिवशी ते बोललेच नाहीत, हे कार्यवाहीत दिसेल. न बोलणं हीसुद्धा नोंद आहे. ती टीका न करता लिहिता येते: 'या चर्चेत त्यांनी भाग घेतल्याची नोंद नाही.' बास, एवढंच.

पडल्यानंतरच्या वर्षांना मी एवढं महत्त्व का देतो, ते दोन-तीन उदाहरणांवरून सांगतो. शिरोळचे सा. रे. पाटील 1957 ला विधानसभेत गेले आणि त्यानंतर पुन्हा आमदार झाले ते थेट 1999 ला. मध्ये बेचाळीस वर्षं! 2004 ला जागा शेट्टींकडे गेली, 2009 ला ते उतारवयात परत निवडून आले. फक्त आमदारकीचे खंड जोडून त्यांची कारकीर्द लिहायला गेलात, तर दत्त कारखाना आणि शिरोळचं सहकाराचं सगळं काम पुस्तकाबाहेर राहील. त्याच तालुक्यातले रत्नाप्पाण्णा कुंभार: निमशिरगावात 1909 ला जन्म, संस्थानात प्रजा परिषदेचा लढा, भूमिगत वर्षं, मग संविधान सभेचे सदस्य, 1952 ला लोकसभा, 1962 पासून शिरोळचे आमदार, सत्तरीच्या दशकात राज्यमंत्री, 1985 ला पद्मश्री आणि 1990 ला ऐंशी वर्षांचे असताना पुन्हा विधानसभेत. या माणसाला 'माजी आमदार' म्हणणं म्हणजे त्यांच्या आयुष्याचा एक कोपरा दाखवणं. पंचगंगा कारखाना आणि कोल्हापुरातल्या शिक्षणसंस्था सोडून त्यांच्यावर काय लिहिणार?

एन. डी. पाटील सर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याकडचे, पण 1985 ला कोल्हापूर शहराने त्यांना विधानसभेत पाठवलं. त्याआधी विधान परिषदेच्या मुदती आणि 1978 ते 1980 सहकारमंत्रिपद. 1990 नंतर ते पुन्हा आमदार झाले नाहीत. पण त्यानंतर रयत शिक्षण संस्थेचं अध्यक्षपद, एन्रॉनच्या वीज प्रकल्पाला विरोध, सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) विरोध आणि अगदी उतारवयात कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन. टोल 2015 च्या अखेरीस गेला तेव्हा त्यांच्या आमदारकीला पंचवीस वर्षं उलटून गेली होती, आणि शहरातल्या पोराबाळांना त्यांचं नाव माहीत होतं ते टोलमुळे. सभागृहातलं त्यांचं काम लहान नव्हे, मात्र माणसाचं माप पद गेल्यावर लागतं ते असं.

तुमचे साहेब यांच्याएवढे मोठे नसतील. नसले तरी पद्धत हीच. पडल्यावर ते पंचायत समितीच्या राजकारणात परत उतरले, मुलाला पुढे केलं, की शांतपणे शाळेच्या संस्थेत लक्ष घातलं? ज्या मागण्या त्यांनी सभागृहात मांडल्या, त्यांतल्या कुठल्या ते बाहेर आल्यावरही मांडत राहिले? खंडपीठाची मागणी घ्या. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं 18 ऑगस्ट 2025 ला, पण मागणी त्याआधी कित्येक दशकांची. वकिलांच्या आंदोलनांत, मोर्चांत, बंदांत किती माजी आमदारांची नावं येतात ते जुन्या वर्तमानपत्रांत बघा. माझा अंदाज आहे, साहेब एखाद्या फोटोत तरी सापडतील. तसे सापडले, तर ते तेव्हा आमदार होते की माजी, हे ओळीत लिहा.

वर्तमानपत्रांचं म्हणाल तर 'पुढारी', 'सत्यवादी' यांच्या जुन्या फायली आणि पुढच्या काळासाठी इतर दैनिकं. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे, तिथे चौकशी करा. विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे आणि संस्थानकाळाशी संबंध येत असेल, तर पुराभिलेखागार आहे. एकाच दैनिकावर कधी विसंबू नका. आपल्याकडे कुठलं वर्तमानपत्र कोणत्या काळात कोणत्या गटाच्या जवळ होतं, हे जुन्या वाचकांना पाठ असतं. एकाच सभेची गर्दी एकीकडे 'जनसागर' आणि दुसरीकडे 'तुरळक' असते. दोन्ही वाचून मैदान कुठलं होतं ते शोधा. वाढदिवसाच्या पुरवण्या सरळ बाजूला ठेवा, त्यात मजकूर आणि जाहिरात वेगळी काढता येत नाही.

संपत्तीबद्दल कुणीतरी तुम्हाला नक्की टोचेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यामुळे 2004 ला किंवा त्यानंतर ते लढले असतील, तर कागद आहे, तो वापरा. त्याआधीच्या काळासाठी असा कागद नाही. गावातल्या 'एवढे एकर होते, तेवढे झाले' या गप्पा पुस्तिकेत घेऊ नका, ना कौतुकाच्या ना बदनामीच्या.

माणसांशी बोलताना घरच्यांच्या आधी स्वीय सहाय्यक, ड्रायव्हर आणि विरोधी उमेदवार यांना गाठा. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर कुठल्या रात्री गाडी कुणाच्या वाड्यावर थांबली हे सांगतो. तसलं सगळंच छापायचं नसतं, पण तुम्हाला दिशा मिळते. 'साहेब कसे होते?' असं विचारू नका, उत्तर 'देवमाणूस' असंच येईल. विचारायचं ते असं: त्या वर्षी तिकीट कापलं गेलं तेव्हा मुंबईला कोण कोण गेलं होतं? पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात किती माणसं होती? विरोधी उमेदवार हयात असतील तर त्यांच्याकडे वाकून जा. वय झाल्यावर जुने वैरी फार नेमकं बोलतात आणि मित्रांपेक्षा कमी अतिशयोक्ती करतात. 'काहीच केलं नाही' म्हणणाऱ्या गटालाही हाच प्रश्न टाका: काय करायला हवं होतं आणि केलं नाही? तारखेसकट उत्तर आलं तर ते पुस्तिकेत जायला पात्र आहे.

कच्चा खर्डा घरच्यांना दाखवावा का? दाखवावा. नावं, नाती, तारखा ते दुरुस्त करतील आणि एखादा पत्रव्यवहाराचा गठ्ठा तेव्हाच माळ्यावरून खाली येतो. मात्र वाचनालयाच्या समितीकडून आधीच ठरवून घ्या, की मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा. हे ठरवलं नाही, तर शेवटच्या आठवड्यात तुमच्या हातात पुन्हा गौरव अंकच येईल. देणगीदारांच्या जाहिराती घेणार असाल, तर त्यात साहेबांच्या गटातल्या आजच्या उमेदवारांचे फोटो नकोत, हेही त्याच बैठकीत लिहून घ्या. निवडणूक जवळ असेल, तर प्रकाशन तिच्यानंतर.

कामाचा क्रम म्हणाल, तर निवडणुकीचे तक्ते घरी बसून आधी करा, मग विद्यापीठ आणि करवीर नगर वाचन मंदिर दिवाळीच्या सुट्टीत. कार्यवाही संकेतस्थळावर जेवढी मिळते तेवढी पाहून, न मिळालेल्या अधिवेशनांची यादी हातात घेऊनच मुंबईला जा. अधिवेशन चालू असताना जाऊ नका. तेव्हा विधानभवनात प्रवेशपत्र मिळवण्यातच अर्धा दिवस जातो आणि ग्रंथालयातली माणसं सदस्यांच्या मागण्यांत गुंतलेली असतात. जाण्याआधी वाचनालयाच्या लेटरहेडवर ग्रंथपालांच्या नावे विनंतीपत्र पाठवा आणि त्यात विधानसभेचा क्रमांक, वर्ष आणि अधिवेशन नीट लिहा. साहेबांच्या गावाकडचे सध्याचे आमदार कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांचं एक शिफारसपत्र सोबत जोडलंत तर काम लवकर होईल.